‘इतर’ या रकान्यातलं दुःख

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘एकल महिलांचे हक्क’ असा विषय छापला आहे. त्यावर मी नेहमीच बोलते, तुमच्यापैकी अनेकींनी ते दोन-दोन वेळा ऐकलंय. आज संयोजकांची परवानगी घेऊन मी विषय थोडा सरकवला आहे. मी आज एका चर्चच्या हॉलमधल्या बैठकीबद्दल बोलणार आहे. ज्यांचं माणूस गेलंय अशांसाठी ती बैठक भरते. मी तिथे दीड वर्ष नियमाने जात होते.

मी ख्रिस्ती नाही. देवाधर्माशी माझं फारसं सख्य नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. तरी मी गेले आणि मला तिथे बरं वाटलं. का बरं वाटलं, काय खटकलं आणि आपल्या कामासाठी त्यातून काय घेण्यासारखं आहे, एवढंच सांगायचंय.

आधी एक गोष्ट. त्या गटात बोललेलं गटाबाहेर न्यायचं नाही, असा नियम आहे. म्हणून मी मुख्यतः माझंच सांगेन. आणखी दोघींचं थोडं येईल. त्यांना विचारलंय, आणि ओळख पटेल असं काही सांगणार नाही.

माझा नवरा २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. आम्ही वसई तालुक्यात राहतो. तो छत्तीस वर्षांचा होता, मी बत्तीस, मुलगी पाच वर्षांची. दाखल केल्यापासून नऊ दिवस. आमचं शेवटचं बोलणं फोनवर झालं. त्याला धाप लागत होती आणि त्याने विचारलं, “गॅसचा नंबर लावलास का?” मी म्हटलं, “लावला.” खरं तर लावला नव्हता. ते खोटं बोलणं मला पुढे कितीतरी महिने छळत राहिलं. आता हसू येतं, पण तेव्हा वाटायचं, शेवटचं बोललो ते असं.

मला त्याचा चेहरा बघायला मिळाला नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबून दाखवलं, आणि सही घेतली. घरी कोणी येऊ शकत नव्हतं. एरवी माणूस गेलं की बायका येतात, गळ्यात पडतात, हेल काढून रडतात, कोणी पिठलं-भात घेऊन येतं. त्या रीतीमधलं बरंच काही आपल्याला पटत नाही, पण निदान तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. आमच्याकडे तेरा दिवस फक्त फोन वाजत होता. सासूबाई खिडकीजवळ बसायच्या, मी स्वयंपाकघरात. मुलगी मधे खेळत असायची.

तीन आठवड्यांनी मी कामावर गेले. घरात बसवत नव्हतं, आणि कामही डोंगराएवढं होतं. आपल्या सगळ्याच केंद्रांवर तेव्हा काय चाललं होतं ते आठवत असेल. मृत्यूचा दाखला, त्यावर कारण बरोबर लिहिलंय की नाही, बँकेतली नोंद, रेशनकार्डावरचं नाव. पुढे ऑगस्टमध्ये राज्य सरकारचं ‘मिशन वात्सल्य’ आलं, तालुका समित्या झाल्या. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीवर शिक्कामोर्तब केलं, मग त्याचे अर्ज. बाई समोर येऊन बसायची. बोलता बोलता रडायला लागायची. मी पाण्याचा ग्लास पुढे करायचे, दोन मिनिटं थांबायचे आणि विचारायचे, “आधार कार्ड आणलंय ना?”

हे मी वाईट हेतूने करत नव्हते. बाहेर रांग असायची. अर्ज वेळेत गेला नाही तर त्या बाईचंच नुकसान होतं. पण आपल्या नोंदपत्रकात बघा. बाईची समस्या कोणती? पुढे रकाने: आर्थिक, कायदेशीर, निवारा, हिंसा, मुलांचं शिक्षण, आणि शेवटी ‘इतर’. बाईने सांगितलं की रात्री झोप येत नाही, त्याचा शर्ट धुवावासा वाटत नाही, कुकरची शिट्टी झाली की तो आंघोळीहून येईल असं वाटतं, तर मी ते ‘इतर’ मध्ये लिहायचे. कधी कधी लिहायचेही नाही. माझा स्वतःचा अर्ज मी त्याच टेबलावर भरला. त्यात ‘इतर’ पुढे मी आडवी रेघ मारली होती.

घरात वेगळीच गोष्ट होती. हिंदू वारसा कायदा, १९५६ आपल्याला पाठ आहे. मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर त्याची पत्नी, मुलं आणि आई या पहिल्या वर्गातल्या वारस, आणि सगळ्यांचा वाटा समान. म्हणजे आमच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये मी, मुलगी आणि सासूबाई, तिघींचा एकेक तृतीयांश. हे मी शेकडो बायकांना समजावून सांगितलंय. कायद्याने सासूबाईंना आणि मला एकाच रांगेत बसवलं होतं. पण दुःखात आम्ही कधी शेजारी बसलो नाही. मी रडले तर त्यांना त्रास होईल म्हणून मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. त्या रडल्या तर मी खचेन म्हणून त्या पहाटे उठून रडायच्या. दोघींना एकमेकींचं ऐकू यायचं. शिवाय दीर अधूनमधून त्यांच्या कानात घालायचे, “तुझ्या वाट्याचं काय ते आत्ताच लिहून घे.” त्यामुळे साधं ‘जेवलात का’ विचारतानाही मध्ये काहीतरी येऊन बसायचं.

आणि मंगळसूत्राचं सांगते. मी लग्नानंतर वर्षभरातच ते घालायचं सोडलं होतं, नवऱ्याच्या संमतीने, तत्त्व म्हणून. तो गेल्यावर एका नातेवाईक बाईंनी फोनवर म्हटलं, “तुला काय, तू तर पहिल्यापासूनच घालत नव्हतीस.” म्हणजे माझं फारसं काही गेलंच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, काढायला तरी काहीतरी असायला हवं होतं. हे चळवळीतल्या बाईने बोलू नये, पण वाटलं ते वाटलं.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं आवाहन केलं. आपल्याला केवढा आनंद झाला होता! मी त्या काळात तीन गावांत त्यावर बोलले. एका गावात सभा संपल्यावर एक म्हातारी बाई जवळ आली. म्हणाली, “बांगड्या राहिल्या, बरं झालं बाई. पण रात्रीचं काय करायचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एसटीत बसल्यावर लक्षात आलं, की तिने मलाच विचारलं होतं.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. वसईतल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, घरची वाडी, पहाटेच्या लोकलने फुलं आणि भाजी घेऊन मुंबईला जाणाऱ्या. त्यांचा मुलगा काही वर्षांपूर्वी रेल्वे अपघातात गेला होता. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “आमच्या धर्मग्रामात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही बसतो. मरण झालेल्या घरातली माणसं. तू ये. बोलायचं नसेल तर बोलू नको, चहा पिऊन जा.” मी नाही म्हटलं. त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात मी आपणहून त्यांचं दार वाजवलं.

चर्चच्या मागे एक हॉल आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. दहा-बारा बायका, दोन पुरुष. समुपदेशनाचं शिक्षण घेतलेल्या एक सिस्टर. सुरुवातीला छोटी प्रार्थना. मला आधीच सांगितलं होतं, की नको असेल तर नुसतं बसून राहा. मग मधल्या टेबलावर एक मेणबत्ती, आणि प्रत्येकाने आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. बस्स, फक्त नाव. माझी पाळी आली आणि माझ्या लक्षात आलं, की चौदा महिन्यांत मी त्याचं नाव मोठ्याने उच्चारलंच नव्हतं. घरी ‘हे’, मुलीसमोर ‘बाबा’, ऑफिसात ‘माझे मिस्टर’, अर्जावर ‘मयत’. मी नाव घेतलं आणि पुढचा अर्धा तास रडत होते. कोणी पाठीवरून हात फिरवला नाही. कोणी ‘शांत हो’ म्हटलं नाही. शेजारची बाई फक्त खुर्ची जराशी जवळ सरकवून बसली.

तिथले नियम साधे होते. एकजण बोलताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. ‘माझं तर तुझ्यापेक्षा वाईट झालं’ असं म्हणायचं नाही. ‘आता मुलांकडे बघ’ हे वाक्य वर्ज्य. रडणाऱ्याला लगेच रुमाल द्यायचा नाही, कारण त्याचा अर्थ ‘आता पुसा’ असा होतो. हा शेवटचा नियम ऐकून मला माझे पाण्याचे ग्लास आठवले.

एकदा सांगितलं, की गेलेल्या माणसाला पत्र लिहून आणा. मी लिहिलं, “गॅसचा नंबर लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी लावला.” ते वाचून दाखवलं तर सगळे हसले, मीही हसले. दुःखाच्या बैठकीत माणसं इतकी हसतात हे मला माहीत नव्हतं. एका आजोबांनी बायकोला लिहिलं होतं, की तू मीठ कुठल्या डब्यात ठेवायचीस ते अजून सापडलेलं नाही.

आता थोडं अभ्यासाचं बोलते. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचे पाच टप्पे शिकवले होते: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. परीक्षेत मी ते उत्तम लिहिले. पण त्यांचं १९६९ मधलं ते पुस्तक मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी केलेल्या संभाषणांवर आधारलेलं आहे. मागे राहिलेल्यांना ते टप्पे नंतर लावले गेले. मी मात्र स्वतःला तपासत होते, की वर्ष झालं, अजून ‘स्वीकार’ कसा नाही? दुःख पायऱ्या चढत नाही. ते येतं, जातं, सणाला येतं, पगाराच्या दिवशी येतं, मुलीचा दात पडला की येतं.

अशा गटांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये मार्गारेट टॉरी यांनी विधवांसाठी ‘क्रूझ’ ही संस्था सुरू केली. बायबलमधल्या एका गरीब विधवेच्या घरची तेलाची कुपी रिकामी होत नाही, त्या कुपीवरून हे नाव घेतलं. १९६८ मध्ये कॉव्हेंट्रीच्या एका रुग्णालयात दोन कुटुंबांचे मुलगे पाठोपाठ गेले. तिथले तरुण धर्मगुरू सायमन स्टीफन्स यांच्या लक्षात आलं, की हे आईबाप एकमेकांना जो आधार देतात तो आपण देऊ शकत नाही. त्यातून पुढच्या वर्षी मुलं गमावलेल्या पालकांची संघटना उभी राहिली. त्याच सुमाराला अमेरिकेत बॉस्टनला फिलिस सिल्व्हरमन यांनी ‘विधवेकडून विधवेला’ असा कार्यक्रम चालवला. नव्याने विधवा झालेल्या बाईच्या घरी आधी विधवा झालेली बाई जायची. तज्ज्ञ नाही, डॉक्टर नाही, तिच्यासारखीच बाई. हे आपल्याला नवं आहे का? मार खाल्लेल्या बाईला मार खाल्लेल्या बाईनेच आधी उभं केलं, त्यातूनच तर आपली केंद्रं झाली. फक्त मरणाच्या बाबतीत आपण ते केलं नाही.

तुम्ही म्हणाल, चर्च आहे, तिथे देव येणारच. आला. पण मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळ्या वाटेने आला. सिस्टरनी एकदा ईयोबाची गोष्ट सांगितली. त्याचं सगळं गेलं, मुलं गेली. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्द न बोलता बसले. सिस्टर म्हणाल्या, “तेवढंच त्यांनी चांगलं केलं. नंतर बोलायला लागले आणि सगळं बिघडवलं.” दुसऱ्या वेळी रिस्पा नावाच्या बाईची गोष्ट. तिच्या दोन मुलांना राजकारणापायी फाशी दिलं आणि प्रेतं उघड्यावर टाकली. ती कापणीच्या दिवसांपासून पाऊस पडेपर्यंत तिथे गोणपाट अंथरून बसली, दिवसा पाखरं आणि रात्री जनावरं हाकलत. शेवटी राजाला त्या सगळ्यांच्या अस्थी सन्मानाने पुरायला लावाव्या लागल्या. मला लगेच अर्जेंटिनातल्या आया आठवल्या, १९७७ पासून पांढरे रुमाल बांधून आपल्या बेपत्ता मुलांसाठी चौकात फिरणाऱ्या. रडणं आणि लढणं ही दोन वेगळी खाती आहेत, असं मी समजत होते. रिस्पाने तसं समजलं नव्हतं.

आता शंकांकडे येते. मी चर्चमध्ये जाते हे कळल्यावर दोन बाजूंनी बोलणी आली. नातेवाईक म्हणाले, “बाटवतील तुला.” दिरांनी तर सासूबाईंना सांगितलं, की ही धर्म बदलणार आणि फ्लॅट चर्चला देणार. दुसऱ्या बाजूने आपल्यातल्याच एका मैत्रिणीने विचारलं, “पुरुषसत्तेच्या सगळ्यात जुन्या दुकानात तू आधार शोधतेस?”

पहिल्या शंकेबद्दल: त्या दीड वर्षात मला एकदाही कोणी बाप्तिस्म्याबद्दल बोललं नाही. दुःखातल्या बाईच्या दुबळ्या क्षणाचा फायदा घेणारे लोक सगळ्या धर्मांत असतात आणि त्यांना विरोध केलाच पाहिजे. पण बाई कुठे बसते, कोणाशी बोलते यावर पहारा ठेवणारे तिच्या दुःखाची चौकशी करायला मात्र येत नाहीत, हेही मी पाहिलंय. पंडिता रमाबाईंचं आठवा. १८८२ मध्ये त्या स्वतः विधवा झाल्या, पदरात तान्ही मुलगी. १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या धर्माबद्दल वाद घालणाऱ्या किती जणांनी त्याआधी त्या मुलींना जवळ बसवून घेतलं होतं?

दुसरी शंका खरी आहे, आणि ती मी झटकणार नाही. एका बैठकीला आलेल्या धर्मगुरूंनी ‘देवाची इच्छा’ असं म्हटलं. मी उठून बाहेर गेले. ऑक्सिजनसाठी रांगा लागल्या होत्या त्या देवाच्या इच्छेने? मी हे नंतर सिस्टरना बोलले. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाल्या, “माझी आई गेली तेव्हा मलाही कोणीतरी हेच म्हणालं होतं. मलाही आवडलं नव्हतं.”

याहून गंभीर गोष्ट दुसरी. गटात एक बाई यायच्या. नवरा वीस वर्षं मारायचा, तो दारूने गेला. त्या म्हणाल्या, “मला रडूच येत नाही. मला रात्री झोप लागते.” खोली एकदम गार पडली. कोणीतरी म्हणालं, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. सल्ला न देण्याचा नियम त्या दिवशी सगळेच विसरले. त्या बाई पुढच्या महिन्यात आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी गेले. त्यांना खरं तर दुःख होतं, वीस वर्षांचं. नवरा जिवंत होता तेव्हा ते कोणी ऐकलं नाही आणि मेल्यावर तर बोलायलाच बंदी. सिस्टरनी हे मानलं. पुढच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की सुटका वाटणं हाही शोकाचाच भाग असू शकतो, आणि आपण चुकलो. त्या बाई काही महिन्यांनी परत आल्या. देवळात, मशिदीत, चर्चमध्ये बायकांना आधार मिळतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या बायकांकडून मिळतो, आणि तिथली शिकवण आड येते तेव्हाही वाट बायकाच काढतात. ही वाट काढणं आपण त्यांच्यावर सोडून द्यायचं, की त्यात हात घालायचा?

मी नुसती घेत नव्हते, द्यायलाही लागले. गटातल्या एका तरुण बाईच्या सासरच्यांनी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही मागितली होती. तिला वाटत होतं, जमीन सासऱ्यांनंतर नवऱ्याच्या नावावर झालेली, आपला काय संबंध? मी तिला समजावलं. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि मुलं असतील तर एक तृतीयांश विधवेचा, उरलेलं दोन तृतीयांश मुलांचं. तिने सही केली नाही. ती मला नंतर म्हणाली, “आधी कोणी हे सांगितलं असतं तरी मी सही केली असती. मला काहीच नको होतं, नुसतं सगळं संपावं असं वाटत होतं. इथे बोलले, झोप लागायला लागली, मग डोकं चालायला लागलं.”

मैत्रिणींनो, हे वाक्य मला तुमच्यासमोर ठेवायचं होतं. शोकात बुडालेली बाई हक्क सोडून देते. दीर सही मागतो ती तेराव्याच्या आत मागतो, ते उगीच नाही. आपण तिला कायदा सांगतो, पण तो ऐकण्याइतकी ती जागेवर आहे का हे बघत नाही. तिला रडायला जागा देणं हे हक्काच्या कामाच्या आधीचं काम आहे, आणि त्याच्यासोबतचंही.

माझ्या घरचं सांगून संपवते. २ नोव्हेंबरला कॅथलिक लोक मृतांचा स्मरणदिन पाळतात. दफनभूमीत सगळ्या थडग्यांवर फुलं आणि मेणबत्त्या. मावशींनी मला बोलावलं. निघताना सासूबाई म्हणाल्या, “मी येऊ?” मला आश्चर्य वाटलं. आम्ही दोघी आणि मुलगी गेलो. आमचं तिथे कोणी पुरलेलं नाही. मावशींनी त्यांच्या मुलाच्या थडग्यावर एक मेणबत्ती जास्तीची लावली आणि म्हणाल्या, “ही तुमच्या मुलाची.” सासूबाई खाली बसल्या आणि रडल्या, दीड वर्षात पहिल्यांदा माझ्यासमोर. परत येताना रिक्षात त्यांनी सांगितलं, की तो लहानपणी अंधाराला घाबरायचा. हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघींनी उशिरापर्यंत त्याच्याबद्दल बोललो. फ्लॅटचं नंतर सहज मिटलं. त्यांनीच दिरांना सांगितलं, “मी हिच्याबरोबर राहणार आहे, माझा वाटा कुठे जात नाही.”

त्या देव मानतात, पंढरीच्या विठोबाला. त्या चर्चमध्ये पुन्हा गेल्या नाहीत. मीही आता जात नाही. कारण २०२३ च्या अखेरीला आम्ही आमच्या केंद्रावर दर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी दुपारी तसंच बसायला सुरुवात केली. प्रार्थना नाही. मेणबत्तीऐवजी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू आणायची. कोणी चष्मा आणतं, कोणी तंबाखूची डबी. एकीने कोऱ्या साडीची घडी आणली होती, मुलीसाठी घेतलेली. विधवाच याव्यात असं नाही. मूल पोटातच गेलेली बाई येते, बहीण जळून मेलेली येते. सुटका वाटलेलीही येते, आणि तिला कोणी गप्प करत नाही.

सगळं छान चाललंय असं नाही. कधी चारच जणी येतात. कधी कोणाला तरी सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही, बहुतेक वेळा ती मीच असते. ज्यांना देवाचं नाव घ्यायचंय त्यांनी घ्यावं की नाही यावर आमच्यात भांडण झालं. शेवटी ठरलं, स्वतःबद्दल बोलताना घ्यावं, दुसरीला सांगताना नको.

तुमच्या केंद्रावर हे सुरू करायचं असेल तर फार काही लागत नाही. ठरलेला वार लागतो, तो चुकवायचा नाही. गोल बसायला जागा लागते. बोललेलं बाहेर जाणार नाही याची खात्री लागते. झोपच उडालेल्या, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येणाऱ्या बाईसाठी डॉक्टरांची ओळख ठेवावी लागते, कारण गट हा उपचाराला पर्याय नाही. आणि चहा लागतो.

आमच्या नोंदपत्रकात आम्ही एक बदल केलाय. ‘इतर’ च्या आधी एक नवा रकाना टाकलाय: ‘कोण गेलं? त्यांचं नाव काय?’ बाई समोर बसली की आता आम्ही आधी ते विचारतो. आधार कार्ड नंतर.